उपकारक जंतू : ताक, आतडे आणि औषध

(वर्धापनोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)

माझे काम पाठशाळेत व्याकरण शिकविण्याचे. असे असता आतड्यातील जंतूंसारखा विषय ह्या गृहस्थाने का घेतला, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे कारण आरंभीच सांगून टाकतो. ते कारण म्हणजे माझ्या हातून घडलेली एक चूक.

काही वर्षांपूर्वी आमच्या पाठशाळेतील अठरा-एकोणीस वर्षांचा एक विद्यार्थी आजारी पडला. दिवसातून आठ-दहा वेळा शौचास जावे लागे, शौचावाटे रक्त आणि आव पडे, पोटात मुरडा येई. डॉक्टरांनी दुर्बिणीने आतडे तपासले आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराला दाह होऊन व्रण पडले आहेत असे निदान केले. ह्या विकारास अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. गोळ्या सुरू झाल्या, दोन-तीन महिन्यांत रक्त थांबले आणि मुलगा पुन्हा पाठास बसू लागला. गोळ्या मात्र चालूच ठेवावयाच्या होत्या. एके दिवशी त्याने मला विचारले, "गुरुजी, ह्या गोळ्या जन्मभर गिळत राहायच्या का?" मी कपाटातून चरकसंहिता काढली, ग्रहणीच्या अध्यायातील ताकाची प्रशंसा त्याला अर्थासह वाचून दाखविली, आणि दह्याताकातील जंतू आतड्यास हितकर असतात असे हल्ली विज्ञानही म्हणते, अशी पुस्तीही जोडली. गोळ्या बंद कर, असे मी त्याला सांगितले नाही. पण बंद करू नकोस, असेही सांगितले नाही.

त्याने गोळ्या सोडल्या. वैशाखाचे दिवस होते. महिन्याभरात रक्त पुन्हा दिसू लागले. गुरुजींनी सांगितले आहे म्हणून तो ताक वाढवीत गेला आणि दोन आठवडे त्याने ही गोष्ट कोणाला कळू दिली नाही. शेवटी त्याला उचलूनच रुग्णालयात न्यावे लागले. तेथील वयस्कर डॉक्टरीणबाईंनी सारे ऐकून घेतले. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, ताकाने त्याचे वाईट झालेले नाही. गोळी सुटल्याने झाले आहे. पण गोळी सुटली ती ताकाच्या भरवशावर."

हे वाक्य मनाला लागून राहिले. जे जंतू हितकर म्हणून सांगितले जातात ते नेमके काय करतात, कोठे उपयोगी पडतात आणि कोठे पडत नाहीत, हे तरी आपण समजून घ्यावे, असे वाटून मी ह्या विषयाचे वाचन आरंभिले. जे समजले ते आपणांपुढे ठेवतो.

आपल्या देहात जंतू किती असावेत? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका काळजीपूर्वक केलेल्या गणनेनुसार सामान्य प्रौढ पुरुषाच्या शरीरात सुमारे ३८ लक्ष कोटी जंतू असतात, आणि त्याच्या स्वतःच्या पेशी सुमारे ३० लक्ष कोटी. म्हणजे संख्येने पाहू गेल्यास आपण आपल्याच घरात काहीसे अल्पमतात आहोत. हे जंतू बहुतांशी मोठ्या आतड्यात राहतात आणि सर्वांचे मिळून वजन पावशेराहूनही थोडे कमीच भरते. त्यांच्या आणि आपल्या रक्ताच्या मध्ये पेशींचा केवळ एक थर असतो. त्या थरावर बुळबुळीत श्लेष्म्याचे आवरण पसरलेले असते, आणि तो थर चार-पाच दिवसांनी नवा होत राहतो. थराच्या पलीकडे लगेच प्रतिकारक पेशींचा पहारा. शरीरातील अशा पेशींचा फार मोठा भाग आतड्याच्या भिंतीतच वस्तीला असतो.

येथे एक मोठे कोडे आहे. प्रतिकारक पेशींचे काम परक्यास ओळखून त्याच्यावर चालून जाणे. मग हाताच्या अंतरावर एवढे परके नांदत असता त्या सतत युद्ध का करीत नाहीत? युद्ध म्हणजेच दाह. पेशी धावून येतात, रक्त वाढते, सूज येते, अस्तर झिजते. काटा रुतलेल्या बोटाला हा दाह उपकारक, कारण तो काम झाले की शमतो. आतड्यात तो शमलाच नाही तर माझ्या विद्यार्थ्याची अवस्था होते.

ह्या कोड्याचे उत्तर संपूर्ण मिळालेले नाही, पण त्याचा एक सुंदर भाग हाती आला आहे. आपण जो भाजीपाला, कोंड्यासकट धान्ये आणि कडधान्ये खातो, त्यांतील चोथा आपल्याला पचत नाही. तो मोठ्या आतड्यात पोचतो आणि तेथील जंतू त्याला आंबवून त्यापासून काही आम्ले तयार करतात. त्यांपैकी एक ब्यूटिरेट. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे हे मुख्य इंधन आहे. म्हणजे अस्तराच्या पेशी आपल्या अन्नासाठी रक्तापेक्षाही जंतूंवर अधिक विसंबून असतात. २०१३ साली निरनिराळ्या संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून आणखी एक गोष्ट दाखविली. ही आम्ले प्रतिकारक पेशींतील एका विशिष्ट वर्गाची वाढ करतात. इतर पेशींना आवरणे, युद्ध थांबविणे, हे त्या वर्गाचे काम. सैन्यात जसे लढणारे असतात तसे शिस्त राखणारेही असतात, त्यांतले हे. शिवाय आतड्याची भिंत एक प्रकारचे प्रतिद्रव्य श्लेष्म्यात सोडीत असते. ते जंतूंना न मारता भिंतीपासून दूर धरते. जंतूविरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांमध्ये ही सारी व्यवस्था अर्धवट राहते. प्रतिकारशक्ती जन्मतः पूर्ण नसते, ती जंतूंच्या सहवासात शिकते, असे म्हणावयास ह्यामुळे आधार मिळतो.

ब्यूटिरेट निर्माण करणाऱ्या जंतूंपैकी फिकॅलिबॅक्टेरियम नावाचा एक जंतू आहे. क्रोन नावाच्या दाहक विकारात शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या आतड्यात हा जंतू कमी आढळला त्यांचा विकार लवकर उलटला, असे २००८ साली फ्रान्समधील संशोधकांनी नोंदविले. हा जंतू हवेतील प्राणवायूने मरतो. म्हणून तो दह्यात नसतो, ताकातही नसतो. आतड्याचे खरे रहिवासी निराळे आणि दह्यातील जंतू निराळे. ही गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर बरे झाले असते.

दह्यातील जंतूंचा बोलबाला ज्यांच्यामुळे झाला त्यांची हकिकत येथे सांगितली पाहिजे. एली मेचनिकॉफ हे १८४५ साली जन्मलेले मोठे प्राणिशास्त्रज्ञ. १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभकात गुलाबाचा काटा खुपसला आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा वेढा पडलेला. दाह म्हणजे शरीराचे संरक्षण, ही कल्पना तेथून निघाली. पुढे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केले आणि १९०८ साली पॉल एर्लिख ह्यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तर ह्याच मेचनिकॉफ ह्यांना उतारवयात असे वाटू लागले की वार्धक्याचे मूळ मोठ्या आतड्यातील कुजण्यात आहे. बल्गेरियातील शेतकरी आंबट दूध पितात आणि दीर्घायुषी असतात, असे सांगितले जात असे. १९०५ साली स्टामेन ग्रिगोरॉफ ह्या बल्गेरियन तरुणाने त्या दुधातील जंतू शोधून काढला होता. मेचनिकॉफ ह्यांनी त्याचा पुरस्कार केला, १९०७ साली त्यावर पुस्तक लिहिले, स्वतः रोज आंबट दूध घेऊ लागले. साऱ्या युरोपात त्याचे वेड पसरले. मेचनिकॉफ १९१६ साली एकाहत्तराव्या वर्षी निवर्तले. पुढे अमेरिकेतील येल विद्यापीठात लिओ रेटगर ह्यांनी पडताळून पाहिले, तेव्हा हा बल्गेरियन जंतू मनुष्याच्या आतड्यात वस्तीच करीत नाही असे आढळले. तो पाहुण्यासारखा येतो आणि जातो.

ह्यावरून मेचनिकॉफ ह्यांना हसण्याचे कारण नाही. जंतू म्हणजे शत्रू, असे सारे जग म्हणत असता काही जंतू मित्र असतील, हे त्यांनी म्हटले, आणि तो विचार टिकला. टिकला नाही तो त्यांचा एकच उपाय सर्वांना लागू करण्याचा उत्साह. तो उत्साह कोठून येतो हे मला चांगले ठाऊक आहे.

आता ज्याला प्रोबायोटिक म्हणतात त्याची व्याख्या पाहू. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना ह्यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली ती केली. तिचा आशय असा, की पुरेशा संख्येने घेतले असता घेणाऱ्याच्या आरोग्यास लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव ते प्रोबायोटिक. आपण न्यायशास्त्र शिकलेली मंडळी ह्या लक्षणातील एकेक पद तपासू. 'जिवंत' म्हटल्यामुळे ताकाची उकळलेली कढी आणि वाफवलेली इडली बाद झाली, कारण उष्णतेने जंतू मरतात. अन्न म्हणून त्या उत्तमच, हा भाग वेगळा. 'पुरेशा संख्येने' म्हटल्यामुळे संख्या ठाऊक पाहिजे. आणि 'लाभ' सिद्ध झालेला पाहिजे, गृहीत धरलेला नव्हे. घरच्या विरजणात कोणते जंतू किती आहेत हे आपणांस ठाऊक नसते. विरजण घरागणिक आणि ऋतूगणिक बदलते. तेव्हा घरचे दही हे उत्तम अन्न आहे, पण ह्या व्याख्येत ते आपोआप बसत नाही.

लाभ कोणाचा सिद्ध व्हावयाचा? येथे 'वाण' ह्या शब्दाला महत्त्व आहे. भाताचे जसे वाण असतात तसे एकाच जातीच्या जंतूंचेही असतात, आणि एका वाणाचा गुण दुसऱ्यात असेलच असे नाही. त्वष्ट्याच्या यज्ञाची कथा आपण सर्व जाणता. 'इंद्रशत्रु' हा शब्द तोच, अक्षरे तीच. स्वर मात्र चुकला आणि इंद्राला मारणारा व्हावयाचा तो इंद्राकडून मारला गेला. जंतूंचे तसेच आहे. ई-कोलाय ह्या जातीचा एक वाण रक्ती अतिसार घडवून मूत्रपिंडेही निकामी करू शकतो. आणि त्याच जातीचा दुसरा एक वाण औषध म्हणून दिला जातो. १९१७ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे आल्फ्रेड निसले ह्या डॉक्टरांनी तो एका सैनिकाच्या आतड्यातून मिळविला. सोबतचे सैनिक अतिसाराने आजारी पडले असता हा एक धडधाकट राहिला होता. तो वाण आजही निसले १९१७ ह्याच नावाने ओळखला जातो.

आतड्याच्या दाहावर प्रत्यक्ष परीक्षा झालेल्या वाणांपैकी हा एक प्रमुख असल्यामुळे त्याच्यापाशी थोडे थांबतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात अल्सरेटिव्ह कोलायटिस शमलेले ३२७ रुग्ण घेतले होते. काहींना नेहमीची मेसॅलझिन ही गोळी दिली, काहींना निसलेचे जंतू. वर्षभरात विकार उलटण्याचे प्रमाण गोळीच्या गटात शेकडा सुमारे ३४ आणि जंतूंच्या गटात सुमारे ३६, म्हणजे जवळजवळ सारखेच. हे वाचून मला क्षणभर वाटले की आपण फारसे चुकलो नव्हतो. पण २०१४ साली डेन्मार्कमधील परीक्षण प्रसिद्ध झाले, त्यात विकार भडकलेले १०० रुग्ण होते. त्यांच्या चालू उपचारात हेच जंतू जोडून पाहिले. लाभ झाला नाहीच, उलट केवळ जंतू जोडलेल्या गटात विकार शमलेल्यांचे प्रमाण इतरांहून कमी भरले. वाण तोच, विकार तोच. विझलेल्या निखाऱ्यावर जे चालले ते पेटलेल्या जाळावर चालले नाही. आणि माझा विद्यार्थी ताक वाढवीत होता तो जाळ पेटल्यानंतर. तेही कोणता जंतू, किती, ह्याचा पत्ता नसलेले ताक. अमेरिकेतील आतड्याच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली उपलब्ध पुरावा तपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन ह्या दोन्ही विकारांत संशोधनाव्यतिरिक्त प्रोबायोटिक देण्याची शिफारस केलेली नाही.

मग सारेच व्यर्थ काय? मुळीच नाही, आणि त्याचे उत्तम उदाहरण आपल्याच देशातले आहे. ओडिशाच्या खेड्यांत नवजात अर्भकांना रक्तदोषाचा, म्हणजे सर्वांगात जंतुसंसर्ग पसरण्याचा, मोठा धोका असे. पिनाकी पाणिग्रही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील ४,५५६ बालकांवर परीक्षण केले. ते २०१७ साली नेचर ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अंगावर पिणारी, पुरेशा वजनाची, निरोगी बालके घेतली. निम्म्यांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटेरम ह्या जंतूचा एक विशिष्ट वाण, त्याला पोषक अशा शर्करेसह, तोंडावाटे दिला. उरलेल्यांना तशीच दिसणारी निर्गुण पुडी. साठ दिवसांनी पाहिले तेव्हा रक्तदोष किंवा मृत्यू ह्यांचे प्रमाण निर्गुण पुडीच्या गटात शेकडा ९ होते, जंतू दिलेल्या गटात ५.४. छातीच्या संसर्गाचे प्रमाणही घटले. जंतू आतड्यात गेले आणि फुप्फुसांचे रक्षण झाले. प्रतिकारशक्ती आतड्यात शिकते म्हणून मघाशी म्हटले, त्याचे हे प्रत्यंतर मानता येईल. तो वाण मात्र सहज हाती लागला ते उचलले, असा नव्हता. अनेक जंतूंची वर्षानुवर्षे पारख करून तो निवडलेला होता.

ह्याच्या उलट उदाहरणही सांगितलेच पाहिजे, कारण 'गुण नाही तर नाही, अपाय तर नाही ना' असे म्हणण्याची आपली रीत आहे. हॉलंडमध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाने अत्यवस्थ झालेल्या रुग्णांना नळीवाटे सहा प्रकारच्या उपकारक जंतूंचे मिश्रण दिले गेले. हेतू चांगला, जंतू निवडक, डॉक्टर निष्णात. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जंतू दिलेल्या १५२ रुग्णांपैकी २४ दगावले, न दिलेल्या १४४ पैकी ९. काहींच्या आतड्याचा रक्तपुरवठाच खुंटला होता. २०२३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रुग्णालयातील अपुऱ्या दिवसांच्या बालकांना अशी उत्पादने देण्याविषयी इशारा दिला. असे उत्पादन दिलेल्या एका बालकाच्या रक्तात तोच जंतू शिरून ते दगावले होते. ओडिशातील बालके पूर्ण वाढीची आणि निरोगी होती, ही गोष्ट येथे पुन्हा आठवावी.

हे वाचून मी पुन्हा ग्रंथांकडे वळलो. चरकात मी वाचले ते खोटे नव्हते. पण सुश्रुतसंहितेत द्रवद्रव्यांच्या अध्यायात ताक कोणाला देऊ नये हेही स्पष्ट सांगितले आहे. क्षत झालेल्यास, दुर्बलास, दाह होत असलेल्यास, रक्तपित्ताच्या रोग्यास देऊ नये. उष्णकाळी देऊ नये. माझा विद्यार्थी दुर्बल होता, त्याचे रक्त जात होते आणि महिना वैशाख होता. म्हणजे ज्या शास्त्राचा मी अभिमान बाळगला ते शास्त्रही मी अर्धेच उघडले होते. ह्याचा अर्थ प्राचीनांना हे जंतू ठाऊक होते, असा मी करीत नाही. आपणही करू नये. त्यांनी रोग्याकडे पाहून लिहिले, सूक्ष्मदर्शकातून पाहून नव्हे. ग्रहणी आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे एकच, असेही म्हणता येत नाही. पण द्रव्याची स्तुती आणि त्याचा निषेध हे दोन्ही वाचल्याखेरीज ते कोणाच्या हाती देऊ नये, एवढी शिस्त त्यांच्यापाशी होती. ती माझ्यापाशी नव्हती.

आता व्यवहाराचे दोन शब्द. निरोगी माणसाने जेवणाअखेर ताक घ्यावे की नाही? अवश्य घ्यावे. ज्यांना दूध पचत नाही त्यांपैकी अनेकांना दही सोसते, कारण विरजणाचे जंतू दुधातील शर्करेचा काही भाग आधीच फोडतात आणि उरलेली पचविण्यास हातभार लावतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे ३६ निरोगी प्रौढांवर झालेला एक छोटा प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ज्यांनी दहा आठवडे दही आणि इतर आंबवलेले पदार्थ भरपूर खाल्ले, त्यांच्या आतड्यातील जंतूंची विविधता वाढली आणि रक्तातील दाहदर्शक अशी १९ प्रथिने घटली. माणसे थोडी होती, म्हणून त्यावर मोठी इमारत उभारू नये. पण ताकाच्या वाटीला तेवढा आधार पुरे. त्याबरोबर ताटातील भाजी-उसळीला विसरू नये. खरे रहिवासी तिच्यावर जगतात. उत्सवाच्या पंगतीत पहिला भात आणि शेवटचा ताकभात ह्यांच्यामध्ये भाजीची वाटी तशीच उरलेली मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. वाढप्यांनी मनावर घेण्यासारखी ही गोष्ट आहे.

दुकानातून प्रोबायोटिक म्हणून काही घ्यावयाचे झाल्यास वेष्टन वाचावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग ह्यांनी २०११ साली केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार त्यावर जंतूचे कुल, जाती आणि वाण लिहिलेले असावे, आणि टिकण्याच्या मुदतीअखेर जिवंत जंतू किती उरतील हेही असावे. वाणाचे नाव नसेल तर त्या वेष्टनावर स्वर नसलेला मंत्र छापला आहे असे समजावे. प्रतिजैविक औषधे झाल्यावर पोट सुधारावे म्हणून ही कुपी सर्रास घेतली जाते. इस्रायलमधील वाइझमन संस्थेतील २०१८ सालच्या छोट्या प्रयोगात मात्र अकरा वाणांचे मिश्रण घेतलेल्यांच्या आतड्यात मूळ रहिवासी परतण्यास काहीच न घेतलेल्यांपेक्षा अधिक विलंब लागला. म्हणून हेही डॉक्टरांना विचारून घ्यावे. आणि ज्यांना कर्करोगाचे उपचार चालू आहेत, ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे, ज्यांच्या घरी अपुऱ्या दिवसांचे बालक आहे, त्यांनी विचारल्यावाचून घेऊच नये.

तो विद्यार्थी आज बरा आहे. त्याने शास्त्रीची परीक्षा दिली आणि आता तो स्वतः लहान मुलांना शब्दरूपे शिकवितो. त्याच्या डॉक्टरीणबाईंनी विकार शमलेला असता जेवणात थोडे ताक घेण्यास हरकत नाही असे सांगितले आहे. तो घेतो की नाही, हे मी पाहत नाही. दुपारच्या पंगतीतून उठताना गोळी घेतलीस का, एवढेच विचारतो.